एका कन्नड अक्षराचे नामांतर

कन्नड लिपीत एक जुने अक्षर आहे. त्याचा उच्चार मराठीत नाही, म्हणून ते दाखवण्यासाठी देवनागरीत ळ च्या खाली नुक्ता देऊन ऴ असे लिहावे लागते. तमिऴ या शब्दाच्या शेवटी येते ते हेच. पेरियार रामस्वामींनी १९४४ साली उभ्या केलेल्या द्राविडर कऴगम या संघटनेच्या नावातही हेच अक्षर आहे. मराठी वर्तमानपत्रे ते कधी कळघम लिहितात, कधी कझगम. आम्हीही लिहितो. कारण तमिळ नाव आपण तमिळमधून घेत नाही, इंग्रजीतून घेतो, आणि इंग्रजीत हा उच्चार झेड आणि एच मिळून दाखवतात. कोऴिक्कोडचे कोझिकोड झाले ते असेच. तमिळ आणि मल्याळममध्ये हे अक्षर आजही रोज लिहिले जाते. कन्नडमध्ये ते मागे पडले. पण जुन्या कन्नडच्या, म्हणजे हळेगन्नडच्या, शिलालेखांत आणि काव्यांत ते जागोजागी सापडते.

या अक्षराचे जगातल्या सर्व संगणकांच्या दप्तरी नोंदलेले अधिकृत नाव 'कन्नड अक्षर फ' असे आहे. फिल्ममधला, फीमधला फ. ऴ चा आणि या फ चा काडीचाही संबंध नाही. ज्या संस्थेने हे नाव दिले तिला ही चूक मान्य आहे. तिच्याच तक्त्यात या अक्षरापुढे, हे नाव चुकीने पडले आहे, अशा अर्थाची टीप छापलेली आहे. आणि तरीही हे नाव कधीही बदलले जाणार नाही, असे त्याच संस्थेने जाहीर करून ठेवले आहे.

हा विषय आमच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कन्नड अक्षर, तेही सातआठशे वर्षांपूर्वी वापरातून गेलेले, त्याचे इंग्रजी नाव चुकले तर आमच्या वस्तीतल्या माणसाचे काय बिघडते? आमचे म्हणणे असे की नाव कोण देतो, ते देताना कोणाला विचारतो आणि चुकले तर कोण दुरुस्त करू शकतो, हे प्रश्न आमच्या वाचकांना नवे नाहीत. फक्त यावेळी ते दगडावर किंवा सातबाऱ्यावर नाहीत, संगणकाच्या तक्त्यावर आहेत.

आधी तक्ता समजून घेऊ. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो, आणि तो जगभर एकच असावा लागतो. नाहीतर मुंबईत टाइप केलेला मजकूर नागपुरात उघडला की त्याची भुतावळ होते. जुन्या फाँटच्या काळात हा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. हे क्रमांक ठरवण्याचे काम युनिकोड नावाची संस्था करते. १९९१ मध्ये ती अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात नोंदवली गेली. काम त्याआधीच झेरॉक्स आणि ॲपल या कंपन्यांच्या अभियंत्यांनी सुरू केले होते. तिचा पहिला तक्ताही १९९१ चाच, आणि देवनागरी, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम या लिप्या त्यात पहिल्यापासून आहेत.

या प्रत्येक लिपीला १२८ घरांची एकेक वस्ती दिलेली आहे. घरे शून्यापासून मोजतात. देवनागरीत क चे घर २१ वे, ह चे ५७ वे. कन्नडमध्येही क २१ व्या घरात आणि ह ५७ व्या घरात. ही आखणी युनिकोडने स्वतः केलेली नाही. भारत सरकारच्या इस्की नावाच्या मानकातून, त्याच्या १९८८ च्या आवृत्तीतून, ती घेतलेली आहे. इस्कीने भारतातल्या ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना एकाच साच्यात बसवले होते. त्याचा फायदाही झाला, हे नाकारता येत नाही. एका लिपीचा कळफलक शिकलेल्या माणसाला दुसऱ्या लिपीचा फारसा नव्याने शिकावा लागत नाही. कन्नड काय, देवनागरी काय, दोन्ही अशोकाच्या धम्मलिपीच्याच लेकी. त्यांची वर्णमाला एका ओळीत बसते यात नवल नाही. पण साचा कोणत्या लिपीला समोर ठेवून केला होता? देवनागरीला. बाकीच्या लिप्यांची अक्षरे देवनागरीच्या घरांत राहायला गेली, आणि ज्यांना तिथे जोडीदार नव्हता त्यांची सोय जिथे जागा मिळाली तिथे लागली.

आता आमच्या अक्षराकडे या. देवनागरीत ऴ चे घर ५२ वे आहे, ळ च्या लगेच पुढचे. तमिळमध्ये हे अक्षर ५२ व्याच घरात आहे. मल्याळममध्येही ५२ व्याच. तेलुगूतही जुन्या लेखांत हे अक्षर होते. ते २०१४ मध्ये तक्त्यात आले आणि तेही ५२ व्याच घरात बसले. कन्नडचे ५२ वे घर मात्र आजही रिकामे आहे. कन्नड ऴ तिथे नाही. तो आहे ९४ व्या घरात. व्यंजनांची ओळ संपते, मात्रा संपतात, हलंत संपतो, त्याच्याही पलीकडे. म्हणजे गावाचे सगळे घरठाण संपल्यावर वेशीबाहेर. आणि देवनागरीच्या ९४ व्या घरात कोण राहतो? उर्दू-फारसी शब्दांसाठीचा नुक्तेवाला फ़.

देवनागरीचे ९४ वे घर फ़ चे, म्हणून कन्नडच्या ९४ व्या घराच्या दारावरही फ ची पाटी. घरात कोण राहतो ते पाहायला कोणी आत डोकावले नाही. नाव नेमके कोणत्या टेबलावर, कोणाच्या हाताने पडले हे ठरवत बसण्यात आम्हांला रस नाही. पण हा निव्वळ योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. कन्नड वाचता येणाऱ्या एका माणसाने हा तक्ता पाच मिनिटे समोर धरला असता तरी चूक दिसली असती, कारण कन्नडमध्ये फ चा परकी उच्चार लिहायचा झाला तर साध्या फ खाली नुक्ता देतात. त्यासाठी हळेगन्नडचे अक्षर कोणी घेत नाही.

या अक्षराच्या बरोबरीने मागे पडलेले दुसरे एक कन्नड अक्षर आहे, ऱ. त्याला मात्र त्याचे बरोबर ४९ वे घर मिळाले आणि नावही बरोबर मिळाले. (मराठीत आपण दऱ्या, वाऱ्यावर लिहितो तेव्हा संगणक देवनागरीच्या याच ४९ व्या घरातले अक्षर वापरतो.) सख्ख्या शेजाऱ्यांपैकी एक गावात आणि एक वेशीबाहेर, असा हा न्याय झाला.

चूक होते. माणसे कामे करतात तिथे चुका होणारच. दुरुस्तीला वेळही होता. १९९३ मध्ये युनिकोडने आपला तक्ता आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या तक्त्याशी जुळवून घेतला, तेव्हा अनेक अक्षरांची नावे बदललीदेखील. १९९६ मध्ये कोरियन लिपीची ११,१७२ जोडअक्षरे नव्या जागी बसवली आणि जुन्या जागेवरची उचलली. त्यामुळे जुन्या क्रमांकांनी लिहिलेला कोरियन मजकूर नव्या तक्त्यात बसेना. त्या अनुभवातून शहाणपण आले आणि १९९६ च्या २.० या आवृत्तीपासून नियम झाला की दिलेला क्रमांक हलवायचा नाही आणि दिलेले नाव बदलायचे नाही. म्हणजे १९९१ ते १९९६ अशी पाच वर्षे दार उघडे होते. २०११ च्या जनगणनेत ज्या भाषेचे ४ कोटी ३७ लाख बोलणारे मोजले गेले, त्या भाषेच्या वतीने या पाच वर्षांत ही पाटी बदलली गेली नाही. मग दार बंद झाले.

क्रमांक न हलवण्याचा नियम आम्हांला पटतो. उद्या क चा क्रमांक बदलला तर आजवर जे लिहिले ते सगळे कचरा होईल. पण नाव? नावालाही तोच नियम लावण्याचे कारण असे दिले जाते की काही प्रोग्राम अक्षराला नावाने हाक मारतात. नाव बदलले तर ते अडतील. कारण खोटे नाही. मात्र त्याची दुसरी बाजूही पाहा. जो प्रोग्राम नावावर विसंबून कन्नडचे देवनागरीत लिप्यंतर करील, तो ऴ च्या जागी फ छापील. अंध माणसाला अक्षराचे नाव वाचून दाखवणारे यंत्र या नावावर विसंबले तर तेही फ म्हणेल. यंत्राची सोय बघायची म्हणून माणसाला चुकीचे वाचून दाखवायचे, हा हिशेब आमच्या गळी उतरत नाही.

नियम सर्वांना सारखा आहे, असेही सांगितले जाते. तेही खरे आहे. एका उभ्या कंसाच्या नावात ब्रॅकेट या इंग्रजी शब्दाची दोन अक्षरे उलटसुलट पडली आहेत आणि तीही तशीच ठेवली आहेत. इंग्रजांनाही सूट नाही, म्हणून यात समता आहे असे कोणी म्हणेल. पण चुकांची यादी उघडून बघा. लाओ भाषेतल्या फ च्या दोन अक्षरांची नावे एकमेकांना पडली आहेत. त्याच लिपीतल्या आणखी दोन अक्षरांच्या नावांची गफलत आहे. तिबेटी एका चिन्हाचे नाव चुकलेले आहे. तुर्की कुळातल्या भाषांसाठी केलेल्या एका रोमन अक्षराला त्याच्या उच्चाराऐवजी त्याच्या दिसण्यावरून नाव पडले आहे. आणि कन्नड ऴ. इंग्रजी ए ते झेडपैकी एकाचेही नाव चुकलेले नाही, चुकणे शक्यही नव्हते, कारण टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ती अक्षरे बालपणापासून पाठ होती. नियम सगळ्यांना सारखा असतो तेव्हा तो कोणाच्या चुकीवर कुलूप लावतो, हे विचारले पाहिजे.

आसामी लोकांचे दुखणे तर याहून निराळे आहे. आसामी आणि बंगाली एकाच लिपीच्या दोन बहिणी. पण तक्त्यात लिपीचे नाव एकट्या बंगालीचे. आसामी र चे अधिकृत नाव 'मधून तिरकी रेघ असलेला बंगाली र' असे आहे. म्हणजे आसामी माणसाचा र हा स्वतःचा कोणी नाही, दुसऱ्याच्या र वर रेघ मारून झालेला आहे. त्यात तांत्रिक चूक एकही नाही. पण ते नाव ऐकून गुवाहाटीच्या माणसाला काय वाटत असेल, हे समजायला आम्हांला वेगळा अभ्यास करावा लागत नाही.

चुकलेल्या नावांवर युनिकोडने काढलेला उपाय २००६ च्या ५.० आवृत्तीपासून आहे. जुने नाव तसेच ठेवायचे आणि शेजारी 'दुरुस्त उपनाम' म्हणून बरोबर नाव नोंदवायचे. कन्नड ऴ ला असे उपनाम मिळाले आहे. नाव फ, ऊर्फ ऴ.

हे वाचताना आमच्या पिढीला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात घरे जळाली, माणसे मारली गेली, लाँग मार्च निघाला, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी मिळाला तो नामविस्तार. जुने नाव पुसले नाही, नवे त्याला जोडले. कोणाचे मन दुखावू नये म्हणून केलेली ही तडजोड होती, आणि कोणाचे मन सांभाळले गेले ते सर्वांना माहीत आहे. एका मृत अक्षराची आणि त्या लढ्याची बरोबरी आम्ही करत नाही. तिथे रक्त सांडले, इथे शाईही सांडली नाही. पण युक्ती ओळखीची आहे. आणि नामविस्तारात निदान बाबासाहेबांचे नाव पाटीवर पुढे आले. इथे उपनाम तक्त्याच्या तळटीपेत आहे.

नाव बदलता येतच नाही, हे मात्र आम्ही मान्य करणार नाही. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे महसुलाच्या कागदांवर, मतदार याद्यांवर, टपालावर पिढ्यान्‌पिढ्या होती. ती बदलली म्हणून टपाल थांबणार नाही आणि जमिनीही हलणार नाहीत. कागदोपत्री काम वाढते, एवढेच. अंमलबजावणी किती ठिकाणी झाली हा प्रश्न वेगळा, त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

आता ज्याला अजूनही वाटते की मेलेल्या अक्षराचा वापर कोणाला, त्याच्यासाठी थोडे. जुन्या कन्नडमध्ये सात म्हणजे एऴु, कोंबडी म्हणजे कोऴि, केळ म्हणजे बाऴे. बोलणाऱ्यांच्या तोंडून हा उच्चार १२ व्या शतकाच्या सुमारास सरत गेला आणि आजचे एळु, कोळि, बाळे झाले. १३ व्या शतकात केशिराजाने 'शब्दमणिदर्पण' हे व्याकरण लिहिले, तेव्हा कुठल्या शब्दात ऴ आणि कुठल्यात ळ हे लोकांना सांगण्याची वेळ आली होती. त्यामुळे एखाद्या लेखातला ऴ आणि ळ बघून त्याच्या काळाचा अंदाज बांधायला मदत होते. संगणकावर नक्कल करणाऱ्याने ऴ च्या जागी ळ टाकला की तो पुरावा गेला. शिवाय एऴु शोधणाऱ्याला एळु सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे आकडे आहेत. आणि नुसत्या क्रमांकाने शब्द लावले तर ऴ असलेला शब्द ह च्याही मागे जाऊन पडतो.

हे लेख फक्त कर्नाटकात नाहीत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर जिल्ह्यांत जुने कन्नड शिलालेख आहेत. बसवण्णांच्या शरण चळवळीतले सिद्धराम हे सोन्नलिगेचे, म्हणजे आजच्या सोलापूरचे. अक्कलकोट, जत भागात घरी कन्नड आणि शाळेत मराठी असे आमचे वाचक आजही आहेत. राजांची वंशावळ कोणीतरी लिहून ठेवतोच. पण गावाच्या सीमेसाठी किंवा गुरे वाचवताना मेलेल्या साध्या माणसाचा वीरगळ, तेल्यांनी दिव्यासाठी दिलेले तेल, कोणाच्या जमिनीवर कोणता कर, हे फक्त दगडावर आहे. बहुजनांचा इतिहास पोथीत नाही म्हणून आम्ही ओरडतो. तो जिथे आहे तिथली अक्षरे बरोबर उतरली पाहिजेत, याकडेही आम्हीच लक्ष द्यायला हवे.

मराठीचे तरी कुठे आपोआप झाले? आमच्या पानांवर जवळजवळ रोज छापला जाणारा शब्द म्हणजे ॲट्रॉसिटी. कायदा १९८९ चा. त्या शब्दाचे पहिले अक्षर ॲ याला युनिकोडमध्ये स्वतःचे घर मिळाले २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. १९९१ च्या तक्त्यात ए वर चंद्र देऊन केलेला ऍ होता, मराठी माणूस अ वर चंद्र देतो हे कोणाच्या ध्यानी नव्हते. १७ वर्षे अ ला मात्रा चिकटवून भागवावे लागे आणि पुष्कळ संगणकांवर मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. छापील अंक श्रीलिपीसारख्या फाँटवर निघत होते म्हणून वाचकाला ते दिसले नाही, इतकेच.

आमची मागणी मोठी नाही. युनिकोड नाव बदलणार नाही हे धरून चालू. पण मराठी-कन्नड विद्यापीठांचे पुराभिलेख विभाग, दोन्ही राज्यांची संगणकीकरणाची खाती, कळफलक बनवणाऱ्या कंपन्या यांनी आपापल्या तक्त्यांत, पुस्तकांत आणि प्रोग्राममध्ये हे अक्षर ऴ याच नावाने दाखवावे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. उपनाम अधिकृतच आहे.

आणि आमच्या ज्या मुलामुलींनी संगणकाच्या पदव्या घेतल्या आहेत त्यांना एक सांगणे आहे. युनिकोडमध्ये मत देण्याचा पूर्ण हक्क वर्गणी भरणाऱ्या सभासदांना असला, तरी प्रस्ताव पाठवायला आणि मसुद्यावर हरकत घ्यायला कोणालाही मुभा आहे. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली गोंडी लिपी २०१७ मध्ये तक्त्यात आली, गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये, तुळू-तिगळारी २०२४ मध्ये. कन्नडमध्येही २०२१ आणि २०२२ मध्ये नवी चिन्हे बसली. त्यांच्या प्रत्येक नावावर त्या दिवसापासून कुलूप पडले आहे. गडचिरोली, चंद्रपूरकडच्या गोंडी बोलणाऱ्या पदवीधरांपैकी किती जणांनी ती नावे वाचली आहेत? प्रत्येक आवृत्तीआधी मसुदा काही महिने लोकांपुढे ठेवलेला असतो. वाचायला पैसे पडत नाहीत.